लिहून ठेवणे आणि लिहून घेणे : मृत्युपत्राचा लेखक व त्याचा लाभ

१

मराठीतील दस्तऐवजांची भाषा पाहिली असता एक सूक्ष्म व्यवस्था ध्यानात येते. 'लिहिणे' ह्या एकाच धातूच्या रूपाला 'देणे', 'घेणे' आणि 'ठेवणे' ही तीन क्रियापदे जोडली की तीन निरनिराळे व्यवहार सिद्ध होतात. खरेदीखतात किंवा गहाणखतात एक पक्ष 'लिहून देणार' असतो व दुसरा 'लिहून घेणार' असतो. प्रत्यक्ष लेखणी कोणी धरली हा प्रश्न तेथे गौण होय. कागद बहुधा तिसऱ्याच माणसाच्या, दस्तलेखकाच्या, हातचा असतो. 'देणार' आणि 'घेणार' हे शब्द लेखनक्रियेची दिशा दाखवितात, म्हणजे लाभ कोणाकडून कोणाकडे जातो हे सांगतात. मृत्युपत्राची गोष्ट निराळी आहे. त्यात समोर बसलेला, सही करणारा, अटी कबूल करणारा असा दुसरा पक्षच नसतो. म्हणून मृत्युपत्र करणारा मनुष्य ते 'लिहून ठेवतो'. आपल्या पश्चात वाचले जावे म्हणून ठेवतो.

आता समजा, मृत्युपत्र करणारा निरक्षर आहे, अथवा आजाराने अंथरुणास खिळलेला आहे, आणि त्याच्या उशाशी बसून कागद लिहिणारा मनुष्यच त्या कागदान्वये घराचा, शेताचा किंवा पैशाचा धनी होणार आहे. कागदावर 'मी' हे सर्वनाम आहे, पण तो 'मी' लिहिणारा हात दुसऱ्याचा आहे आणि त्या हाताला वाक्याच्या शेवटी काहीतरी मिळावयाचे आहे. हे 'लिहून ठेवणे' म्हणावे की 'लिहून घेणे'? मृत्युपत्र तयार करण्यास ज्याने साहाय्य केले त्यास त्याच मृत्युपत्रान्वये वारसा मिळू शकतो काय, हा जो कायद्यातील जुना प्रश्न, त्याचे मर्म ह्या दोन क्रियापदांतील अंतरात आहे. ह्या प्रश्नास रोममध्ये, इंग्लंडमध्ये व आपल्याकडे जी उत्तरे मिळाली, त्यांचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडावयाचा आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. म्हणून कायद्याच्या तपशिलापेक्षा 'लिहिणे' ह्या क्रियेविषयीची त्या त्या समाजाची कल्पना काय होती, ह्याकडे येथे अधिक लक्ष दिले आहे.

२

ह्या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत कठोर उत्तर रोमन कायद्यात सापडते. इ. स. पूर्व ८१ मध्ये सुल्ला ह्याने खोटी मृत्युपत्रे व खोटी नाणी ह्यांविरुद्ध एक कायदा केला. तो 'लेक्स कॉर्नेलिया' ह्या नावाने ओळखला जातो. त्यात बनावट मृत्युपत्राला शिक्षा होती. परंतु खऱ्या मृत्युपत्रात लेखकाने स्वतःच्या नावे देणगी लिहिली तर काय, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. ती उणीव तिबेरियसच्या कारकीर्दीत, सामान्यतः इ. स. १६ असे ज्याचे वर्ष सांगितले जाते त्या 'लिबोनियानुम' नावाच्या सेनेट-ठरावाने आणि पुढे सम्राट क्लॉडियसच्या आज्ञापत्राने भरून काढण्यात आली. क्लॉडियसची आज्ञा अशी की, दुसऱ्याचे मृत्युपत्र अथवा त्याची पुरवणी लिहीत असता ज्याने स्वतःच्या हाताने स्वतःस देणगी लिहिली, तो कॉर्नेलियाच्या कायद्याखाली अपराधी समजावा. आणि आज्ञेची कडक तरतूद आपणास ठाऊक नव्हती, ही सबबही चालू नये. सुएटोनियसने लिहिलेल्या चरित्रात असाच निर्बंध नीरोच्या सुधारणांत नमूद आहे. शिवाय साक्षीदारांनी मोहोरा करावयाच्या वेळी मृत्युपत्राच्या पहिल्या दोन पाट्या केवळ कर्त्याचे नाव घालून कोऱ्या दाखवाव्यात, अशीही व्यवस्था तेथे सांगितली आहे. एकापाठोपाठच्या राज्यकर्त्यांना ह्या बाबीत हात घालावा लागला, ह्यावरूनच ही खोड रोमन समाजात किती मुरलेली असावी ह्याची कल्पना येते.

ह्या कायद्याची भाषा अभ्यासण्याजोगी आहे. अपराधाचे नाव 'सिबी आद्स्क्रीबेरे' असे आहे. 'स्क्रीबेरे' म्हणजे लिहिणे; 'आद्' ह्या उपसर्गाने 'जोडून लिहिणे, भर घालून लिहिणे' असा अर्थ येतो; आणि 'सिबी' हे आत्मवाचक सर्वनामाचे चतुर्थीचे रूप, म्हणजे 'स्वतःस'. मराठीत ह्याला जवळात जवळचा शब्दप्रयोग 'स्वतःच्या नावे लिहून घेणे' हाच होय. कायद्याने अपराध ठरविताना मनातील कपट शोधले नाही. त्याने हात पाहिला. मृत्युपत्र करणाऱ्याने खरोखरच ती देणगी तोंडाने सांगितली असेल, तरी लिहिणारा सुटत नसे. कॅलिस्त्रातुस ह्या कायदेपंडिताचे जे वचन जस्टिनियनच्या 'डायजेस्ट' ह्या इ. स. ५३३ च्या संग्रहात आहे, त्यानुसार स्वतःच्या हाताने लिहिणाराच नव्हे, तर कर्त्याच्या सांगण्यावरून ज्याच्या गुलामाने वा ज्याच्या सत्तेखालील मुलाने त्याच्या नावे देणगी लिहिली तोही 'स्वतःस लिहिणारा' समजला जाई. हाताची व्याख्या अशी घरातील सर्व हातांपर्यंत वाढविण्यात आली होती.

अशा देणगीची वाट काय लागे? ती 'प्रो नॉन स्क्रिप्तो', म्हणजे 'न लिहिल्यासारखी', समजली जाई. अशा देणग्यांसाठी 'डायजेस्ट'मध्ये एक स्वतंत्र प्रकरणच आहे. अक्षरे पाटीवर स्पष्ट दिसत असता ती लिहिलेलीच नाहीत असे मानण्याची ही कल्पना मोठी बोलकी आहे. अयोग्य हाताने लिहिलेले लेखन हे लेखनच नव्हे, असा तिचा अर्थ होतो.

तथापि रोमन कायद्यानेही एक दार उघडे ठेवले होते. कर्त्याने आपल्या सहीच्या मजकुरात, 'अमुक देणगी अमक्यास लिहावयास मीच सांगितले' असे त्या देणगीचा निर्देश करून नमूद केले असल्यास ती टिकत असे. 'वरील सर्व मला मान्य आहे' अशी मोघम सही मात्र पुरत नसे. संमती सर्वसाधारण असून चालत नाही, ती नेमक्या वाक्याला दिलेली असली पाहिजे, हा विचार तेथे प्रथम स्पष्टपणे आढळतो. त्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

३

आपल्या स्मृतिग्रंथांत मृत्युपत्र ही संस्था नाही आणि तिला रूढ असे संस्कृत नावही नाही. एकत्र कुटुंबात जन्मानेच पुत्रास हक्क प्राप्त होत असल्याने आणि अपुत्रिकास दत्तकाचा मार्ग मोकळा असल्याने तिची निकड भासली नसावी. 'मृत्युपत्र' आणि 'इच्छापत्र' हे दोन्ही सामासिक शब्द अलीकडच्या व्यवहारातील आहेत. त्यांपैकी पहिला प्रसंगावरून पडला आहे आणि दुसरा कर्त्याच्या मनोव्यापारावरून. पण मृत्युपत्र नसले तरी लेख होते, लेखक होते आणि लेखकाविषयीचा सावधपणाही होता.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातील लेख्यप्रकरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ऋणपत्र पुरे झाल्यावर ऋणकोने स्वहस्ते आपले नाव घालून वरील मजकूर आपणास मान्य असल्याचे लिहावे, नंतर साक्षीदारांनी आपापल्या पित्याच्या नावासह साक्ष लिहावी आणि अगदी शेवटी लेखकाने 'उभय पक्षांच्या विनंतीवरून मी अमक्याच्या पुत्राने हे लिहिले' असे नमूद करावे, असा क्रम तेथे दिला आहे. लेखकाने आपण दोघांच्याही सांगण्यावरून लिहिले असे म्हणावे, ही अपेक्षा महत्त्वाची आहे. तो कोणा एकाचा माणूस नसून मधला हात आहे, हे त्याच्याच अक्षरात नोंदवून घेतले जाई. लगेच पुढे असाही नियम आहे की, स्वहस्ताने लिहिलेला लेख साक्षीदारांवाचूनही प्रमाण होय, मात्र तो बळाने किंवा कपटाने करविलेला नसावा. मनुस्मृतीत साक्षीस अपात्र ठरणाऱ्यांच्या यादीत प्रथमच 'अर्थसंबंधी', म्हणजे ज्याचा त्या व्यवहारात आर्थिक संबंध आहे असा मनुष्य, येतो.

ह्या परंपरेची खूण मराठी कागदांत आजही दिसते. कागदाच्या शेवटी कर्त्याची सही किंवा डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी, तिच्याजवळ 'निशाणी अमक्याची, दस्तुर तमक्याचा' अशी ओळ, मग साक्षीदार, आणि लिहिणाऱ्याचे नाव. फारसीतून आलेला 'बकलम' हा शब्द 'लेखणीने' एवढेच सांगतो. 'बकलम खुद्द' किंवा 'दस्तुर खुद्द' म्हटले म्हणजे हात आणि इच्छा एकाच माणसाची, आणि 'बकलम अमुक' म्हटले म्हणजे इच्छा एकाची व हात दुसऱ्याचा. मराठी लेखनव्यवहाराने हा भेद एका शब्दात सांभाळून ठेवला होता. तो हात लाभार्थ्याचा असला तर काय, एवढेच त्या शब्दाने सांगितले नव्हते.

४

इंग्लंडमध्ये रोमन कायद्याचा प्रभाव धर्मन्यायालयांतून टिकून होता आणि जंगम मालमत्तेच्या मृत्युपत्रांचे काम दीर्घकाळ त्याच न्यायालयांकडे होते. तरीही तेथील न्यायाधीशांनी रोमन बंदी जशीच्या तशी स्वीकारली नाही. त्यांनी तिचे रूपांतर पुराव्याच्या नियमात केले. ह्या परिवर्तनाचे प्रमाणभूत विवेचन १८३८ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेल्या बॅरी विरुद्ध बट्लिन ह्या खटल्यात न्यायमूर्ती पार्क ह्यांनी केले. त्यांनी दोन नियम सांगितले. पहिला असा की, हे मृत्युपत्र स्वतंत्र व सक्षम कर्त्याचे अखेरचे मृत्युपत्र आहे, हे सिद्ध करण्याचा भार ते पुढे करणारावर असतो. दुसरा असा की, ज्याने मृत्युपत्र लिहिले वा तयार केले त्यासच त्यान्वये लाभ होत असेल, तर ती परिस्थिती साधारणतः न्यायालयाचा संशय जागा करणारी होय. कागदातील मजकूर हीच मृताची खरी इच्छा होती अशी खात्री पटल्यावाचून न्यायालयाने त्यास मान्यता देऊ नये. त्या खटल्यात मृत्युपत्र तयार करणारा वकील स्वतः लाभार्थी होता आणि कर्त्याच्या एकुलत्या एका मुलास वगळले होते, तरी पुराव्याअंती ते मृत्युपत्र कायम झाले. ज्या निकालातून संशयाचा नियम जगभर पसरला, त्याच निकालात लेखकाचा लाभ टिकला. हा विरोधाभास नसून नियमाचा स्वभावच त्यातून प्रकट होतो. येथे बंदी नाही, परीक्षा आहे.

ह्याच सुमारास साक्षीदाराच्या बाबतीत मात्र इंग्रजी कायदा रोमन कायद्याहून कठोर झाला. पूर्वी देणगी मिळणारा साक्षीदार अपात्र ठरे व त्यामुळे मृत्युपत्रच धोक्यात येई. १७५२ च्या कायद्याने आणि पुढे १८३७ च्या मृत्युपत्रांच्या कायद्याच्या १५ व्या कलमाने असे ठरविले की, साक्षीदाराची साक्ष चालेल, मृत्युपत्रही टिकेल, पण त्या साक्षीदारास किंवा त्याच्या पतीस वा पत्नीस दिलेली देणगी रद्द होईल.

येथे दोन कायद्यांची तुलना मोठी उद्बोधक ठरते. जस्टिनियनच्या 'इन्स्टिट्यूट्स'मध्ये देणगीदारास साक्षीदार होण्याची मोकळीक स्पष्ट शब्दांत दिली आहे. तेथे साक्षीस अपात्र ठरतो तो मुख्य वारस. म्हणजे रोममध्ये ज्यास देणगी मिळावयाची तो साक्ष करू शके, पण लिहू शकत नसे. इंग्लंडमध्ये तो लिहू शकतो, पण साक्ष करू शकत नाही. एकाच भीतीवर दोन समाजांनी नेमक्या उलट जागी कुंपण घातले. ह्याचे कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, लेखनाच्या स्थानात शोधावयास हवे. रोमन मृत्युपत्र मेणाच्या पाट्यांवर लिहून, बांधून, सात साक्षीदारांच्या मोहोरांनी बंद केले जाई. आत काय लिहिले आहे हे साक्षीदारांना कळण्याची आवश्यकता नव्हती. अशा व्यवस्थेत सारी सत्ता लिहिणाऱ्याच्या हाती असे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मृत्युपत्राचा मसुदा वकिलाच्या कचेरीत होई. त्याचे अक्षर कोणाचे ह्याला अर्थ उरला नव्हता. तेथे निर्णायक क्षण सहीचा होता, आणि त्या क्षणाचे पहारेकरी म्हणून साक्षीदार निःस्वार्थ असणे अगत्याचे झाले.

पुढे १८९४ साली टिरेल विरुद्ध पेंटन ह्या खटल्यात हा संशयाचा नियम केवळ लेखकापुरता मर्यादित नाही, संशय उत्पन्न करणाऱ्या कोणत्याही परिस्थितीस तो लागू आहे, असे ठरले. 'लिहिणे' ह्या क्रियेची व्याख्या येथे हातापासून सुटून सबंध वर्तनापर्यंत पोहोचली.

५

विसाव्या शतकातील दोन निकाल ह्या इतिहासात शेजारी शेजारी ठेवण्यासारखे आहेत. एक दिल्लीचा आणि दुसरा लंडनचा. दोहोंमध्ये जेमतेम पाच आठवड्यांचे अंतर आहे.

लंडनचा निकाल १८ डिसेंबर १९५८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने विंटल विरुद्ध नाय ह्या खटल्यात दिला. किटी वेल्स नावाच्या, व्यवहारात अनभिज्ञ अशा वृद्ध बाईने १९३७ साली एक लांबलचक, गुंतागुंतीचे मृत्युपत्र केले. ते तयार करणारा सॉलिसिटर नाय हाच व्यवस्थापक होता, आणि सर्व देणग्या वजा जाता उरणारी शिल्लकही त्यासच मिळावयाची होती. १९३९ च्या पुरवणीने काही देणग्या रद्द झाल्या व तितकी शिल्लक वाढली. बाई १९४७ मध्ये वारल्या तेव्हा मिळकत सुमारे १,१५,००० पौंडांची निघाली. बाईंचे नातलग कर्नल विंटल ह्यांनी ह्या प्रकरणाकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी सॉलिसिटरची विजार उतरविण्यापर्यंत मजल मारली आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. परंतु खालच्या दोन्ही न्यायालयांत हरल्यावर लॉर्ड्सपुढे त्यांनी वकिलावाचून स्वतः बाजू मांडली आणि ते जिंकले. व्हायकाउंट सायमंड्स ह्यांनी ह्या निकालात सांगितलेले तत्त्व असे : मृत्युपत्र तयार करणारास त्यात लाभ घेण्याची बंदी नाही; पण संशयाची मात्रा प्रसंगाप्रमाणे बदलते. काही ठिकाणी तो हलका असून सहज दूर होतो, तर काही ठिकाणी इतका गडद असतो की तो दूर होणेच कठीण.

दिल्लीचा निकाल १३ नोव्हेंबर १९५८ चा, एच. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्मजम्मा ह्या खटल्यातील. तो लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर हे साताऱ्यास जन्मलेले आणि पुढे १९६४ साली भारताचे सरन्यायाधीश झालेले. मृत्युपत्र इतर दस्तऐवजांप्रमाणेच सिद्ध करावयाचे असते, त्यासाठी गणिती निश्चितीची अपेक्षा नसते, हे त्यांनी मान्य केले. पण एक गोष्ट मृत्युपत्रास इतर सर्व कागदांपासून वेगळी करते, ती ही की, हा कागद बोलू लागतो तेव्हा त्याचा कर्ता हे माझे की नव्हे हे सांगावयास जगात नसतो. म्हणून थरथरती सही, क्षीण मन, अस्वाभाविक वाटणी, आणि ज्याला भरघोस लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करविण्यात पुढाकार घेतलेला असणे, ह्या परिस्थिती संशयास्पद होत. त्यांचे निराकरण करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणारावर असते. न्यायालयाच्या सदसद्विवेकबुद्धीचे समाधान हा अखेरचा निकष. प्रिव्ही कौन्सिलच्या निकालांतून आलेला हा विचार भारतीय कायद्यात ह्या निकालाने पक्का रुजला, आणि १९६२, १९६४ व १९७७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी तो पुढे चालविला.

भारतीय स्थितीचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ६७ व्या कलमात, साक्षीदारास दिलेली देणगी व्यर्थ होते, हा इंग्रजी नियम आहे. परंतु हिंदू, बौद्ध, शीख व जैन ह्यांच्या मृत्युपत्रांना त्या कायद्यातील जी कलमे लागू केली आहेत, त्यांत ६७ वे कलम नाही. म्हणजे हिंदूच्या मृत्युपत्रात लेखकास बंदी नाही आणि साक्षीदारासही केवळ साक्षीमुळे देणगी गमवावी लागत नाही. रोमचे कुंपण येथे नाही आणि इंग्लंडचेही नाही. सारा भार संशयाच्या एकाच नियमावर येऊन पडतो. त्यातही इतिहासाने भर घातली. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा बंगालच्या प्रांताला आणि मद्रास व मुंबई ह्या शहरांना लागू होता. पुण्यास, सातारा-सोलापुरास किंवा खानदेशात हिंदूचे मृत्युपत्र लेखी असण्याची वा साक्षांकित असण्याची सक्ती १ जानेवारी १९२७ पर्यंत नव्हती. त्या काळात तोंडी सांगितलेले शब्दही मृत्युपत्र ठरू शकत.

त्या जुन्या व्यवस्थेतील एक प्रकरण महाराष्ट्रास चांगलेच परिचित आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ च्या ऑगस्टमध्ये वारले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्राने नेमलेल्या व्यवस्थापकांत लोकमान्य टिळक होते. टिळकांस त्या मृत्युपत्राने काही मिळावयाचे नव्हते. तरीही मृत्यूच्या वेळी विश्वासाने अंगावर घेतलेले ते काम त्यांना खटल्यांच्या फेऱ्यातून नेत १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापर्यंत घेऊन गेले. व्यवस्थापक आणि लाभार्थी ह्या दोन भूमिका कायद्यात वेगळ्या आहेत, आणि उत्तराधिकार कायद्याचे ६८ वे कलम व्यवस्थापकास साक्ष देण्यासही अपात्र मानीत नाही. पण मृत्युशय्येजवळ असणाराकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे ह्या प्रकरणावरून समजते. ज्यास काहीच मिळत नाही त्याची ही कथा, तर ज्यास सर्वस्व मिळते त्याच्याविषयी काय बोलावे!

६

आता मूळ प्रश्नाकडे भाषेच्या बाजूने पाहू. मृत्युपत्रातील वाक्ये प्रथम पुरुषी एकवचनी असतात. 'मी स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो' हे वाक्य महाराष्ट्रातील मृत्युपत्रांत थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. ते कर्त्याचे वाटते, पण ते दस्तलेखकाचे आहे, आणि त्यापूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी दस्तलेखकाचे होते. साच्यातील वाक्य हे साक्ष देत नाही. दडपण आणणारा मनुष्य 'दडपण नाही' हे वाक्य गाळील असे थोडेच आहे! रोमन पंडितांनी मोघम सही अपुरी मानली, ती ह्याच कारणाने.

उलट, मृत्युपत्रात कधी कधी एखादे वाक्य असे येते की ते साच्यात बसत नाही. धाकट्याने आजारपणात उचलून दवाखान्यात नेले म्हणून, थोरल्यास घर बांधण्यास पूर्वीच पैसे दिले म्हणून, सुनेने दहा वर्षे केले म्हणून, अशी कारणे जेथे कर्त्याच्या बोलीत उतरतात, तेथे इच्छा आणि भाषा ह्यांचे नाते दिसू लागते. संशयाच्या निराकरणात असा मजकूर साहाय्य करतो, कारण तो दुसऱ्याला सहज सुचणारा नसतो. ह्याच न्यायाने, ज्या बाईला मराठीखेरीज भाषा येत नाही तिचे मृत्युपत्र सफाईदार इंग्रजीत असेल, तर ते तिला तिच्या भाषेत कोणी समजावून सांगितले, शब्द न् शब्द सांगितले की सारांश सांगितला, आणि सांगणारा लाभार्थी होता काय, हे प्रश्न केवळ औपचारिक राहत नाहीत. तेथे तीन हात होतात : बोलणाऱ्याचा, भाषांतर करणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा.

सहीचेही असेच आहे. लेखकाने 'दस्तुर' म्हणून केलेली सही आणि साक्षीदाराने 'साक्ष' म्हणून केलेली सही दिसावयास सारखीच. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली स्पष्ट केले की, साक्षांकनाच्या हेतूने केलेली सहीच साक्षांकन होय. लेखक म्हणून केलेली सही आपोआप साक्ष होत नाही. नाव तेच, अक्षर तेच, पण क्रिया वेगळी. भाषाशास्त्रात ज्याला उक्तीचा हेतू म्हणतात, तोच येथे कायद्याने जमेस धरला आहे.

७

ह्या सर्व इतिहासाचा निष्कर्ष असा की, मृत्युपत्र तयार करण्यास साहाय्य करणारास भारतात वारसा मिळू शकतो. परंतु तो मागताना त्याला इतर वारसांहून अधिक बोलावे लागते. हे न्याय्य आहे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. व्यवहारात म्हाताऱ्या माणसाचा कागद लिहिणारा बहुधा तोच असतो जो त्याचे औषधपाणी पाहतो. दूर राहणारी मुले येत नाहीत. पुतण्या, भाची, धाकटी सून किंवा शेजारीण जवळ असते. तीच लेखणी आणते, तीच साक्षीदार बोलावते. रोमन नियम लावला तर जवळच्याने केलेल्या सेवेचीच शिक्षा त्यास होईल. नियमच नसला तर सेवेचा देखावा करणाऱ्या प्रत्येकास घर लुबाडण्याची मुभा मिळेल. संशयाचा नियम ह्या दोहोंमधून वाट काढतो : तो प्रेमाला अपराध ठरवीत नाही आणि प्रेमाच्या बोलण्यावर विसंबूनही राहत नाही.

ह्या नियमाची आणखी एक जमेची बाजू कालमानाने उघड झाली आहे. हस्ताक्षर लोप पावत चालले आहे. आज मृत्युपत्राचा मजकूर यंत्रावर जुळविला जातो, तयार नमुन्यांतून उचलला जातो, आणि कोणाच्या हातचे अक्षर हा क्लॉडियसचा प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे, तरी मृत्युपत्र सिद्ध करण्यास निदान एका साक्षीदाराचा जबाब हवा ही तरतूद नव्या कायद्यातही कायम आहे. म्हणजे कागदाच्या मागे माणूस शोधण्याचे कायद्याचे धोरण बदललेले नाही. हातावर आधारलेला नियम हाताबरोबर संपला असता. वर्तनावर आधारलेला नियम यंत्राच्या युगातही लागू पडतो.

ज्यास प्रामाणिकपणे साहाय्य करावयाचे आहे, त्याच्यासाठी ह्या इतिहासातून निघणारा बोध साधा आहे. लाभ आपला असेल तर लेखणी दुसऱ्याच्या हाती द्यावी. कर्ता बोलत असता आपण त्या खोलीत नसावे. ज्यांना काही मिळावयाचे नाही असे साक्षीदार असावेत. कागद कर्त्याच्या भाषेत असावा व त्यास पूर्ण वाचून दाखवावा. आणि आपल्यास जे दिले ते का दिले, हे कर्त्याने आपल्याच शब्दांत, त्या नेमक्या देणगीचा उल्लेख करून, सांगून ठेवावे. ही शेवटची सूचना नवी नव्हे. कॅलिस्त्रातुसाने सांगितलेली विशिष्ट सही ती हीच. दोन हजार वर्षांनंतरही 'लिहून ठेवणे' आणि 'लिहून घेणे' ह्यांतील भेद सिद्ध करण्याचा ह्याहून खात्रीचा उपाय कायद्यास सापडलेला नाही.